दुसरा बार

आमच्या बंदुकीचा पहिला बार कधी चुकला नाही. जी काही धाकधूक असायची ती दुसऱ्याची.

हे फौजेतून निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा मला वाटलं, यांच्याबरोबर माझी भीतीही पेन्शनीत निघाली. इतकी वर्षं अवेळी फोन वाजला की तो उचलायच्या आधी मी देवघराकडं बघायचे. आता माणूस डोळ्यांसमोर होता. मानवतच्या बाजारात पिशवी घेऊन माझ्या मागं मागं फिरत होता, कोथिंबिरीच्या जुडीवरून बाईशी हुज्जत घालत होता. आणखी काय पाहिजे? पण वर्ष सरायच्या आत यांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. "रानडुकरं लय झालीत," म्हणाले. डुकरं झाली होती हे खरंच. भुईमूग, हरभरा, ऊस, काही म्हणता काही सोडत नव्हती. पण मला यांचा स्वभाव माहीत. हात रिकामे राहिले की या माणसाला करमत नाही, आणि करमलं नाही की तो माझ्या स्वयंपाकात लक्ष घालतो. त्यामुळे मीही फार आडवी आले नाही.

यांना हवी होती फौजेतल्यासारखी रायफल. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप भरली जाणारी. "बार उडाला की नळीतला थोडा गॅस खाली वळतो," हे मला समजावायचे, "त्या गॅसनं पिस्टन मागं जातो, रिकामं काडतूस भायेर फेकतो अन् येताना नवं आत नेतो. सायकलचा पंप उलटा चालायलाय समज." पण तसल्या रायफलीचा परवाना आमच्यासारख्यांना कोण देतो? मग त्याच पद्धतीनं चालणारी बारा बोअरची बंदूक घ्यायची ठरली. परदेशी घ्यायची तर ट्रॅक्टर विकावा लागला असता. एका नव्या कंपनीची देशी बंदूक परवडत होती, ती आली. मी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. सुनेवरून टाकतात तसा, असं जाऊबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून गावात तिचं नाव 'फौजीची दुसरी' असं पडलं.

दुसरी बायको मात्र नखरेल निघाली. हलक्या काडतुसाला तिचा पंप पुरता मागं जायचा नाही. पहिला बार दणक्यात उडायचा, रिकामं काडतूस तिच्या कुशीतल्या खिडकीतून अर्धं बाहेर यायचं आणि तिथंच उभं राहायचं, दारात अडकलेल्या पाहुण्यासारखं. मग यांनी हातानं ओढून काढायचं, खटका मागं ओढून सोडायचा, पुन्हा धरायची. भरपूर काडतुसं उडवून तिची चाल मोकळी करावी म्हणावं, तर परवान्यावर वर्षाकाठी मिळतात तेवढीच. म्हणजे बंदूक वेळेला चालेल की नाही, ते वेळेलाच कळणार.

तसलीच बंदूक घेतलेल्या लोकांचा फोनवर एक ग्रुप होता. कोण कुठला, कोण कुठला. मी भाकऱ्या थापताना हे चुलीशेजारी बसून मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. एक जण लिहायचा, इतके बार काढले, एकदासुद्धा अडकली नाही, पैसे वसूल. दुसरा लिहायचा, ऐन वेळी दगा दिला, देवानं वाचवलं. तिसरा विचारायचा, नवीन घ्यायची आहे, घेऊ का? "काय सांगू याला?" हे मला विचारायचे. मी म्हणायचे, "सांगा, की पहिल्या बारापुरती घे." यांना राग यायचा. फौजेतली रायफल चिखलात पडली तरी चालायची, हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

खरं काम पडायचं ते ऊसतोडीला. उसाचा फड चारी बाजूंनी तुटत आला की आतली डुकरं मधे मधे सरकत जातात. शेवटी अंगणाएवढा तुकडा उरतो आणि सगळा कळप त्यात दबून बसलेला असतो. कोयता पडला की फुटतात, समोर कोण आहे ते बघत नाहीत. शेजारच्या शिवारात एका तोडणीवाल्या बाईची मांडी अशीच फाडली होती. तेव्हापासून टोळीचा मुकादम शेवटच्या तुकड्याला हात लावायला तयार नसायचा. "फौजीसाबाला उभं करा, मंग तोडतो," म्हणायचा.

यांनी त्याची शिस्त लावून दिली. डुकराला गोळी घालायची परवानगी नव्हती, नुसता आवाज करायचा होता. हवेत पहिला बार झाला की जो जिथं असेल तिथं खाली बसायचं, हलायचं नाही. डुकरं कालव्याकडं पळायची. गेली अशी खात्री झाली की दुसरा बार. तो ऐकला की उठायचं आणि तोडायला लागायचं. लोकांना ते पाठ झालं होतं. फक्त दुसरा बार वेळेवर व्हायचा नाही. सगळी टोळी सऱ्यांमध्ये उकिडवी बसलेली आणि हे बांधावर खटक्याशी झगडतायत. "फौजीसाब, दुसरा बार उद्या हाय का?" असं कुणीतरी ओरडायचं. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसायचे, पण नजर यांच्या बोटांवर असायची. बंदूक हसण्यावारी न्यायची वस्तू नाही असं मला कायम वाटत आलं.

मागच्या खंडेनवमीला हे घरी नव्हते. यांच्या पलटणीतला एक जोडीदार ताडकळसला वारला, तिकडं गेले होते. पूजा माझ्यावर आली. आमच्याकडं त्या दिवशी घरातल्या झाडून सगळ्या लोखंडाला मान असतो. पेरणीची पांभर, विळे, कोयते, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, माझी शिलाई मशीन, सगळं पुसायचं, तेल द्यायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. मग बंदुकीनंच काय घोडं मारलं? कपाटातून काढली. नळीखालच्या लाकडाला बारीक भोकं होती. आत बघितलं तर कोरडं ठणठणीत. बिचारी म्हणूनच अडकते, असं मला वाटलं. मशीनला घालते तसं घरच्या करडईचं तेल सोडलं. चार थेंब जास्तच सोडले. देवाच्या कामात हात आखडता घ्यायची आमच्याकडं रीत नाही. वरून हळद-कुंकवाची बोटं ओढली आणि झेंडूचं फूल खोचलं. फार शोभून दिसत होती.

हे आले आणि दारातूनच ओरडले. "अगं येडी का खुळी तू? हिला तेल चालत न्हाई तिथं! पिस्टन कोरडा लागतो!" मी म्हटलं, "मग तुमच्या कंपनीनं भोकं कशाला ठेवली?" त्यावर यांच्याकडं उत्तर होतं, पण ते मला ऐकू येऊ नये एवढ्या हळू आवाजात दिलं. बाहेरून पुसली, नळीतून गज फिरवला. पुढचा भाग सवडीनं खोलतो म्हणाले. कापूस वेचणीचा धबडगा होता, सवड कुठून येणार? तेल आतल्या आत वाळत राहिलं.

थंडी पडल्यावर टोळी आमच्या उसात आली. त्या सकाळी शेवटचा तुकडा राहिला होता. मी टोळीसाठी चहाची किटली घेऊन निघाले. टोळी पलीकडच्या कडेला होती. बांधावरून वळसा घालून जायचं हा नियम मला ठाऊक होता, पण चहा निवायला लागला होता आणि हे अजून अलीकडच्या झाडाखाली विडी ओढत बसले असतील असा माझा समज. मी उभ्या उसाच्या कडेनं, दुसऱ्या-तिसऱ्या सरीतून आडवी शिरले.

अर्ध्यात गेले आणि पहिला बार झाला.

मी मटकन खाली बसले. सवयीनंच. जो जिथं असेल तिथं. बसल्यावर लक्षात आलं, की मी जिथं बसलेय तिथं कुणी नसायला पाहिजे. ओरडावं तर डुकरं अंगावर येतील आणि उठावं तर नियम मोडेल. किटली छातीशी धरली, ती गरम होती तरी सोडवेना. मग पाचट वाजायला लागलं. आधी लांब, मग जवळ. उसाची कांडी कडाकड मोडत होती. उग्र वास आला. काहीतरी काळं माझ्या अगदी शेजारून गेलं, त्यामागं आणखी एक. मी दुसऱ्या बाराची वाट बघत होते. आयुष्यात कधी देवाकडं बंदुकीचा आवाज मागितला नव्हता, तो त्या दिवशी मागितला.

कळप कालव्याकडं गेला असावा. पण एक नर उलटा फिरला आणि माझ्या समोरून सरळ उघड्यावर निघाला. मला आता बसवेना. मी उठले.

समोर त्याची केसाळ पाठ, पळणारी. त्याच्या पलीकडं हे उभे. बंदूक आभाळाकडं होती ती खाली आली, डुकराबरोबर सरकली आणि थांबली. मला नळीचं तोंड गोल दिसलं. नळी आडवी दिसली तर ती दुसरीकडं बघत असते. गोल दिसली म्हणजे आपल्याकडंच, एवढं कळायला फौजेत जावं लागत नाही. यांचा एक डोळा मिटलेला होता. मग यांचा खांदा मागं झटकला. बार उडाला की धक्का बसतो, त्या धक्क्याच्या तयारीनं झटकतो तसा. यांनी घोडा दाबला होता.

काहीच झालं नाही.

डुक्कर यांच्या पायाला घासून गेलं, हे सरीत आडवे पडले आणि ते बांध ओलांडून नाहीसं झालं. मी परत खाली बसले. या वेळी नियमानं नाही. हे उठले, खिडकीत अडकलेलं काडतूस निघावं म्हणून खटक्यावर हात आपटायला लागले आणि बंदुकीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागले. टोळी धावत आली. त्या गोंधळात मी मागच्या मागं निघाले, बांधावरून वळसा घेतला आणि उशिरा पोचल्यासारखी पोचले. लुगड्यावर चहा सांडलेला होता. "ठेच लागली," म्हटलं.

मग काय, गावाला विषय मिळाला. फौजीच्या बायकोनं पूजा करून बंदूक थंड केली. हे स्वतःच रंगवून सांगायचे. ग्रुपवरही टाकलं, तिथून हसऱ्या तोंडांची रांग आली. कुणी विचारलं, वहिनींना आमच्या शेजाऱ्याच्या बंदुकीची पूजा करायला पाठवता का? मी सगळ्यांबरोबर हसले. हसताना गालाची कातडी ओढल्यासारखी वाटायची.

मला माझ्या मरणाची भीती वाटली ती दोन-चार दिवस. नंतर दुसरीच भीती येऊन बसली, आणि ती जाईना. ती बंदूक चालली असती तर मी सुटले असते. हे मागं राहिले असते. माझ्या दिवसांना बसले असते, लोक समजूत घालायला आले असते, आणि हा माणूस, ज्याला कोथिंबिरीची जुडी चुकीची आली तरी आठवडाभर लागून राहतं, तो कसा जगला असता? भाकरी थापता थापता हात थांबायचा आणि तवा धुरायचा. यांना सांगावं असं रोज वाटायचं. पण यांना काहीच माहीत नव्हतं, निवांत शिव्या घालत होते. तो निवांतपणा मी कशाला मोडू? मी गप्प राहिले आणि भीती आतून पोखरत राहिली.

यांनी बंदूक परभणीला दुरुस्तीवाल्याकडं नेली. त्यानं पुढचा भाग खोलला तर पिस्टनवर पिवळा चिकट थर बसलेला, डिंकासारखा. खरवडून काढला, रॉकेलनं धुतला, स्प्रिंग बदलली, काडतुसं भारी वापरा म्हणून सांगितलं. हे दोन खेपा घालून ती घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर उभं राहून यांनी ती तपासली. बार, बार, बार. लागोपाठ, मधे जराही खंड नाही. मी स्वयंपाकघरात होते. प्रत्येक बाराला भिंत धरली. आवाज थांबल्यावर कळलं की मी तांदळाचा डबा घट्ट छातीशी धरलाय.

आणि दिराचा ऊस राहिला होता. या बारांच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा शेवटचा तुकडा तुटायचा होता. जाऊबाई असणार, टोळीतल्या बायका असणार, आणि चहा घेऊन मी असणार. इतके दिवस अडकणाऱ्या बंदुकीला भीत होते. आता न अडकणाऱ्या बंदुकीनं माझं धाबं दणाणलं.

दुपारी हे ओट्यावर बसून ती पुसत होते. मी शेजारी जाऊन बसले.

"उद्या बंदूक नेऊ नका."

"कामून? आता तर दुरुस्त झालीय."

"म्हणूनच."

यांनी वर बघितलं नाही. मग मी सगळं सांगून टाकलं. किटली, सरी, बसले ते, उठले ते. एका दमात सांगितलं, मधे थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. "नळी माझ्याकडं व्हती," म्हटलं. "तुमी दाबलं व्हतं."

फडकं एकाच जागी फिरत होतं. ते थांबलं.

"म्हाईत हाय," हे म्हणाले. "दाबल्यावर दिसलीस. आधी किटली चमकली. मंग तू."

म्हणजे त्या शिव्या, ते गावभर रंगवून सांगणं, ते ग्रुपवर टाकणं, सगळं हे माहीत असताना. एकाच ताटात जेवणारी आम्ही दोघं, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मला रागही आला आणि रडूही आलं, आधी कोणतं ते सांगता यायचं नाही.

"मंग दुरुस्त कामून केली?" मी विचारलं.

"बगायचं व्हतं," हे म्हणाले. "तेल नसतं तर सुटली असती का, ते." "दुरुस्तीवाला म्हणला, सुटली असती. मला पटंना. म्हणून सकाळी बांधावर गेलो. तिथंच, त्याच जागी उभा राहिलो." मग यांनी माझ्याकडं बघितलं. "समदे बार सुटले. एकसुद्धा अडकला न्हाई."

इतकी वर्षं फौजेत काढलेला माणूस, हात गुडघ्यावर दाबून धरून बसला होता. मी यांच्या खांद्यावर हात ठेवला, तोच खांदा.

तेवढ्यात रस्त्यावरून दिराची हाक आली. मोटरसायकलवरून न उतरताच तो ओरडला, "दादा, उद्या सकाळीच या बरं का बंदूक घिऊन! मुकादम इचारायलाय."

"न्हाई यायचो," हे म्हणाले. "मानवतहून फटाके आण. लय मोठ्या आवाजाचे आण."

"आता काय झालं? सकाळी तर धडाधड उडवायलता की! दुरुस्त झाली ना?"

"झाली," हे म्हणाले. "बंदूक चांगली हाय. मपला मलाच भरवसा न्हाई."

दिराला ती थट्टा वाटली. "वहिनी, आता दादाची पूजा करा!" म्हणून तो हसत निघून गेला. मी यांच्या मुठीतलं फडकं काढून घेऊ लागले. बोटं उघडायला वेळ लागला.